बातमी, भावना आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका माजी विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





ज्या व्यासपीठावर आज मला सन्मानाने बोलावले आहे, त्याच व्यासपीठावर आठवीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेसाठी उभी राहिले होते. चार वाक्ये झाली, पाचवे काही केल्या आठवेना आणि मी रडत खाली उतरले. तेव्हा आमच्या बाईंनी मला जवळ घेऊन म्हटले होते, "अगं, पाठ केलेले विसरायला होते, अनुभवलेले विसरत नाही." म्हणून आज मी काही पाठ करून आलेले नाही. मी विद्वान नाही. मुंबई विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करणारी, वसतिगृहात राहणारी, आपल्याच गावची एक मुलगी आहे. रोजच्या जगण्यात जे दिसले, जे चुकले आणि जे थोडेफार उमगले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे.

सुट्टीत गावी आले की मला दोन तक्रारी ऐकू येतात. पालक म्हणतात, "मोबाइलने मुलांचे वाटोळे केले." मुले म्हणतात, "घरच्यांना काही कळत नाही, नुसते ओरडतात." दोघेही मला आपल्या बाजूने बोलायला सांगतात. मी मात्र आज कोणाचीच वकिली करणार नाही. मोबाइलमुळे वेळ किती जातो, डोळे किती बिघडतात, हे आपण सर्व जाणतो. मला बोलायचे आहे ते वेगळ्याच एका गोष्टीबद्दल. या यंत्रातून रोज शेकडो बातम्या आपल्यापर्यंत येतात आणि प्रत्येक बातमी आपल्याकडून काहीतरी मागते. कोणी राग मागते, कोणी भीती, कोणी हसू, कोणी अश्रू. हे सारे देता देता जवळच्या माणसांसाठी आपल्यापाशी काय उरते, हा माझा प्रश्न आहे.

एका सकाळचा हिशेब

मागच्या सत्रात मी एक प्रयोग केला. एका सकाळी जाग आल्यावर मोबाइल हातात घेतला आणि शेजारी वही ठेवली. जे समोर येईल ते एका ओळीत लिहायचे, आणि त्या क्षणी मनात काय आले तेही लिहायचे, असे ठरवले. सव्वासात ते सात पस्तीस, म्हणजे वीस मिनिटे.

त्या वीस मिनिटांत मी काय पाहिले? एक पडलेली इमारत, मावसबहिणीची मेंदी, युद्धात घर गमावलेले एक मूल, बिर्याणीची कृती, एका क्रिकेटपटूचा झेल, कोणाचा तरी अपमान होत असलेला व्हिडिओ, परीक्षेची सूचना, एक विनोद, गावातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या निधनाची बातमी, पुन्हा एक विनोद, आणि शेवटी चपलांची जाहिरात. एकूण अकरा गोष्टी. त्यांच्यापुढे मी लिहिले होते : भीती, आनंद, दुःख, भूक, कौतुक, राग, काळजी, हसू, दुःख, हसू, आणि शेवटी काहीच नाही.

त्या यादीतील नवव्या ओळीपाशी मी थांबले. ज्या वृद्ध गृहस्थांच्या निधनाची बातमी होती, ते आमच्याच आळीत राहत. लहानपणी त्यांनी मला त्यांच्या झाडाचे पेरू दिले होते. बातमी वाचून मी ग्रुपवर दुःखाची एक ओळ लिहिली. माझ्याआधी सदतीस जणांनी तीच ओळ लिहिली होती. आणि पुढच्याच क्षणी मी विनोदावर हसले. वहीत लिहिले नसते, तर हे माझ्या लक्षातही आले नसते.

तेवढ्यात अम्मीचा फोन आला. ती म्हणाली, "बरी आहेस ना गं? जेवतेस ना वेळेवर?" मी म्हटले, "हो गं, घाईत आहे, नंतर करते." त्या दिवशी मी नंतर फोन केला नाही. जगातल्या अकरा गोष्टींसाठी माझ्याकडे वीस मिनिटे होती, अम्मीसाठी एक मिनिट नव्हते.

मित्रहो, आपण निष्ठुर झालो आहोत असे मला म्हणायचे नाही. उलट आपल्याला फार वाटते, पण ते इतक्या ठिकाणी वाटले जाते की कोठेच पुरेसे पोचत नाही. पाटाचे पाणी शंभर वाफ्यांत सोडले तर कोणत्याच वाफ्यातले रोप ओले होत नाही, तसे हे आहे.

सत्तेचाळीस दिवस

आता मी आपल्याला थोडे मागे नेते. ही हकीकत मी माझ्या दादीकडून अनेकदा ऐकली आहे. येथे बसलेल्या कित्येक घरांत तशीच हकीकत असेल.

आपल्या कोकणातल्या घरांचे आखाताशी नाते जुने आहे. माझे दादा कुवेतमध्ये सुतारकाम करीत. त्या काळी पत्र येण्यास कित्येक दिवस लागत. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि पत्राबरोबर कॅसेट येऊ लागली. कोणी गाववाला सुट्टीवर निघाला की त्याच्याबरोबर दादा आवाज भरून पाठवीत. ती कॅसेट आली की घरातले सगळे ओटीवर बसत, शेजारच्या बायकाही येत. दादांचा खोकला आला तरी दादी यंत्र थांबवी आणि म्हणे, "तब्येत बरी दिसत नाही." एक कॅसेट पंधरा-पंधरा वेळा ऐकली जाई. त्या कॅसेटी आजही आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आहेत.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सैन्याने कुवेतमध्ये प्रवेश केला. पत्र बंद झाले, फोन बंद झाला. तिकडे लाखाहून अधिक भारतीय अडकले होते. पुढे त्यांतील बहुतेकांना बगदादमार्गे जॉर्डनमधील अम्मान येथे आणि तेथून विमानाने मुंबईस आणण्यात आले. दीड लाखांहून अधिक माणसांना अशा प्रकारे मायदेशी आणले गेले. जगातील मोठ्या सुटका-मोहिमांमध्ये तिची गणना होते. पण हे सारे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या ऑगस्टमध्ये आपल्या गावातल्या बायकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्यापाशी होता एक रेडिओ आणि बाजारातून येणाऱ्या वार्ता.

वार्ता कशा येत? कोणी म्हणे, दादा राहत ती वस्ती जळाली. कोणी म्हणे, सुतार-गवंड्यांना पकडून नेले. अशी वार्ता घेऊन कोणी ओटीवर आले की घरात रडारड सुरू होई. दादी मात्र सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारी, "तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस का?" तो म्हणे, "नाही, अमक्याने सांगितले." मग ती विचारी, "त्याने पाहिलं का?" तो गप्प होई. दादी म्हणे, "मग पाणी पी आणि जा. पाहिलेला माणूस भेटला की त्याला घेऊन ये."

दादी शाळेत गेली नव्हती. पण ज्या बाईचा नवरा परमुलखात अडकला आहे, तिने असा प्रश्न विचारायला किती धीर लागला असेल, याचा आपण विचार करावा. घाबरून जाणे तिला सोपे होते. तिने घाबरणे नाकारले असे नाही. रात्री ती झोपत नसे, हे माझे अब्बा सांगतात. पण आपली भीती तिने कोणा ऐकीव माणसाच्या हाती दिली नाही. सत्तेचाळीस दिवसांनी दादा एका पिशवीनिशी एस. टी.तून उतरले. तेव्हा दादी रडली, पोटभर रडली.

माझी चूक

असे घर असूनही माझ्या हातून काय घडले, ते आता सांगते. सांगताना संकोच वाटतो, पण ते सांगितल्यावाचून या भाषणाला अर्थ नाही.

साल २०१८. मी दहावीत होते. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट एकदम स्वस्त झाले होते आणि आमच्या घरीही नवा मोबाइल आला होता. जूनच्या अखेरीस मला एक व्हिडिओ आला. मोटारसायकलवरून दोन माणसे येतात, रस्त्यावर खेळणारे मूल उचलतात आणि पळतात. खाली लिहिले होते, मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सर्वांना कळवा. माझा धाकटा भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. माझ्या छातीत धस्स झाले. मी क्षणाचाही विचार न करता तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. वर स्वतःची एक ओळही जोडली : "आपल्या गावातही अनोळखी माणसे दिसत आहेत." ही ओळ खोटी होती. मी कोणालाही पाहिले नव्हते. पण भीतीच्या भरात ती मला खरी वाटली.

आपल्या गावात दरवर्षी पावसाच्या सुमारास एक कल्हईवाला येत असे. विहिरीजवळच्या झाडाखाली तो भाता लावी, भांडे तापवी, नवसागर टाकून कथील फिरवी आणि कापसाने पुसताच भांडे आरशासारखे चमके. आम्ही मुले भोवती उभी राहून पाहत असू. त्या वर्षी तो आला तेव्हा बरोबर त्याचा नवा मदतनीस होता. त्या मदतनिसाने एका मुलाला जवळ बोलावून पाण्याची वाट विचारली. एवढे निमित्त पुरले. दहा मिनिटांत वीस-पंचवीस जण जमले. कोणी त्याची पिशवी उपसली, कोणी त्याच्या कानशिलात मारली. मोबाइल वर धरून व्हिडिओ घेणारेही होते.

दैव बलवत्तर, म्हणून आपल्या शाळेचे एक निवृत्त सर तिकडून चालले होते. ते गर्दीत शिरले आणि त्या कल्हईवाल्याच्या पुढे उभे राहिले. म्हणाले, "याने माझ्या लग्नातल्या भांड्यांना कल्हई केली आहे. आधी मला मारा." गर्दी पांगली. त्या माणसाने थरथरत्या हातांनी भाता गोळा केला आणि तो निघून गेला. घाईत त्याची कथलाची एक कांडी झाडाखाली राहिली.

संध्याकाळी मी ही हकीकत घरी मोठ्या उत्साहाने सांगू लागले. दादी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली आणि विचारले, "अनोळखी माणसं दिसली, असं तूच लिहिलं होतंस ना? तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस का?"

मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना, मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे निरपराध लोक होते. त्या काळात देशात इतरत्रही अशाच अफवांवरून माणसे मारली गेली. पुढे मी वाचले की, मी पाठवलेला तो व्हिडिओ मुळात कराचीतील मुलांच्या सुरक्षिततेविषयीच्या एका जागृतीपटाचा तुकडा होता. मूळ चित्रफितीत ती माणसे मूल परत आणून देतात आणि पालकांनी सावध राहावे असा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

राईनपाड्यात जे घडले ते आपल्या गावात घडले नाही, याचे श्रेय मला मुळीच नाही. ते एका वृद्ध शिक्षकाच्या पायांना आहे. ते पाय त्या दिवशी त्या वाटेने गेले नसते तर?

असे का होते?

विद्यापीठात गेल्यावर मी या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या तीन संशोधकांनी मार्च २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर सुमारे तीस लाख लोकांनी पसरवलेल्या सव्वा लाखाच्या आसपास वार्ता त्यांनी तपासल्या. त्यांना असे आढळले की, खरी बातमी पंधराशे लोकांपर्यंत पोचायला जो वेळ घेते, त्याच्या साधारण सहाव्या हिश्शात खोटी बातमी तेथे पोचते. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता सत्तर टक्क्यांनी जास्त असते. हे काम प्रामुख्याने यंत्रे करीत नव्हती, आपल्यासारखी माणसेच करीत होती. आणि खोट्या वार्तांना आलेल्या उत्तरांत आश्चर्य, भीती आणि किळस या भावना जास्त दिसून आल्या.

म्हणजे पाहा, भावना वाईट नाही. परंतु भावना हे त्या वार्तेचे वाहन होते. मी तो व्हिडिओ पाठवला तो दुष्टपणाने नव्हे. भावावरच्या मायेपोटी पाठवला. माझ्या मायेच्या पाठीवर बसूनच खोटे पुढे गेले.

यामागे व्यापारही आहे. ही माध्यमे आपल्याकडून पैसे घेत नाहीत, आपले लक्ष घेतात आणि ते जाहिरातदारांना विकतात. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच बजावले होते की, माहिती जितकी वाढेल तितकी माणसाच्या लक्षाची टंचाई होईल. आज त्या टंचाईचाच बाजार भरला आहे. फेसबुकने २०१६ मध्ये प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग दाखवणारी चिन्हे आणली. पुढे २०२१ मध्ये उघड झालेल्या त्यांच्या अंतर्गत कागदपत्रांतून कळले की, २०१७ पासून काही काळ अशा चिन्हाला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले जात होते. म्हणजे आपण रागावलो की ती गोष्ट आणखी लोकांना दाखवली जाई. रागाचे हे वजन त्यांनी टप्प्याटप्प्याने कमी करीत २०२० मध्ये काढून टाकले. राईनपाड्याच्या घटनेनंतर, जुलै २०१८ मध्ये, व्हॉट्सअॅपनेही भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येऊ नये अशी मर्यादा घातली. हे ठीकच झाले. पण पाच ठिकाणी तरी खोटे का जावे? तेथे कंपनी काय करणार? तेथे आपणच हवे.

नाण्याची दुसरी बाजू

आता आपण म्हणाल, मग हे यंत्र फेकूनच द्यावे. नाही. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या गावांत काय झाले, ते आपण भोगले आहे. सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, छपरे उडाली, विजेचे खांब मोडले. आपल्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. पहिले दोन दिवस माझा हात सारखा खिशाकडे जाई. तिसऱ्या दिवशी आम्ही मुली घरोघर फिरू लागलो. कोणाचे छप्पर गेले, कोणाकडे लहान मूल आहे, कोणाचे औषध संपले, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आणि मशिदीच्या ओट्यावर बसलेल्या मंडळींना नावानिशी सांगितले. ताडपत्री कोणाकडे आधी जावी, हे त्यावरून ठरले. ग्रुपवर शंभर "काळजी घ्या" लिहून जे झाले नसते, ते दोन पायांनी झाले.

पण त्याच दिवसांत माझे अब्बा कुवेतमध्ये होते. टाळेबंदीमुळे नियमित विमाने बंद होती. त्यांनी बातम्यांत वादळ पाहिले आणि सहा दिवस आमचा आवाज त्यांना ऐकू आला नाही. सातव्या दिवशी अम्मीने डोंगरावर जाऊन रेंज मिळवली आणि फोन लावला, तेव्हा पलीकडून अब्बांच्या तोंडून शब्द फुटेना. दादी म्हणाली, "माझे सत्तेचाळीस दिवस, त्याचे सहा." त्या दिवशी मला मोबाइलची खरी किंमत कळली. टाळेबंदीत आमचा अभ्यासही याच यंत्रावर झाला. शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाच्या तारखा, दूरच्या प्राध्यापकांची व्याख्याने हे सर्व आज गावातल्या मुलीला घरबसल्या मिळते.

म्हणून काही पालकांना मी नम्रपणे सांगू इच्छिते : कोठेतरी काही वाईट घडल्याची वार्ता आली की पहिला मोबाइल मुलीच्या हातून काढून घेतला जातो. भावाच्या हातात तो तसाच राहतो. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत असेच झाले आणि प्रवेश-अर्जाची मुदत तिला कळलीच नाही. तिचे एक वर्ष गेले. घाबरून घेतलेला निर्णय आणि घाबरून पाठवलेला संदेश, दोन्ही सारखेच.

काय करता येईल?

उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. मी स्वतः जे पाळण्याचा प्रयत्न करते, तेवढेच सांगते.

पहिली गोष्ट : छातीत धस्स करणारा कोणताही संदेश आला की मी मोबाइल पालथा ठेवते आणि एक पेला पाणी पिते. दादीचा प्रश्न स्वतःला विचारते. पाहिलेला माणूस सापडला नाही, तर तो संदेश माझ्यापाशीच थांबतो.

दुसरी गोष्ट : ओळखीच्या घरी आजारपण किंवा मयत असेल, तर ग्रुपवर लिहून मी मोकळी होत नाही. शक्य असेल तर जाते, नसेल तर त्या घरच्या माणसाशी फोनवर बोलते. पेरू देणाऱ्या त्या गृहस्थांच्या पत्नीला मी उशिरा का होईना, भेटून आले. त्या म्हणाल्या, "मोबाइलवर खूप लोकांनी लिहिलं म्हणे. मला वाचता येत नाही गं. तू आलीस, बरं वाटलं."

तिसरी गोष्ट : घरी जेवताना सर्वांचे मोबाइल एका टोपलीत. पण पालकहो, त्या टोपलीत पहिला मोबाइल आपला असावा. मुले ऐकून शिकत नाहीत, पाहून शिकतात.

चौथी गोष्ट : मुलांवर ओरडण्यापूर्वी त्यांना एकदा विचारा, "आज काय पाहिलंस? दाखव मलाही." मूल रात्री काय पाहून घाबरले, कशाने खट्टू झाले, कोणाशी स्वतःची तुलना करून हिरमुसले, हे त्याला सांगावेसे वाटते. ऐकणारे कोणी मिळाले नाही की ते पुन्हा त्या पडद्याकडेच वळते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पाचवी गोष्ट आपल्यासाठी : दिवसातून एक तरी गोष्ट पूर्ण वाचा. वर्तमानपत्रातला एक लेख, पुस्तकाचे एक प्रकरण, काहीही. त्यातून वाटलेला आनंद किंवा दुःख थोडा वेळ मनात राहू द्या. लगेच दुसरीकडे जाऊ नका.

समारोप

दादीला जाऊन आता वर्ष होत आले. तिच्या शेवटच्या आजारपणात मी पंधरा दिवस तिच्या उशाशी होते. एका दुपारी तिने ट्रंकेतली एक कॅसेट लावायला सांगितली. जुना टेपरेकॉर्डर कसाबसा चालला. दादांचा आवाज आला, त्यांचा खोकला आला. दादीने नेहमीप्रमाणे हात वर केला आणि मी यंत्र थांबवले. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. माझा मोबाइल दुसऱ्या खोलीत वाजत होता. मी उठले नाही. आयुष्यातली ती एक दुपार मी संपूर्ण जगले, असे मला वाटते.

तो कल्हईवाला मात्र २०१८ नंतर आपल्या गावात पुन्हा आला नाही. त्याची ती कथलाची कांडी मी उचलून आणली होती; ती आजही माझ्या टेबलावर असते. मी त्याला शोधण्याचा प्रयत्न केला, पण त्याचे गाव कोणते, हे आम्हां कोणालाच माहीत नव्हते. इतकी वर्षे तो आपल्या गावात येत होता, पण त्याचे नावही आम्ही कधी विचारले नव्हते. हजारो अनोळखी चेहरे रोज पाहणाऱ्या आम्हां मुलांना, दरवर्षी दारात येणाऱ्या माणसाचे नाव ठाऊक नसावे, याहून मोठे शल्य कोणते?

त्याची माफी मागायची राहून गेली आहे. आज आपणां सर्वांसमोर मी ती मागते. आणि आपल्यापैकी कोणाला तो कधी भेटला, तर कृपया त्याचे नाव विचारून मला कळवावे. मात्र त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असेल तरच.

 

जय हिंद! जय महाराष्ट्र!